ईजीआर आणि मॅनिफोल्ड सफाई: दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

गाडी डिझेल हॅचबॅक, बीएस फोर, लाखाच्या वर रनिंग झालेली. रोजचा रूट वाघबीळ ते ऐरोली, म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा ब्रिज, विटावा, आणि हा रूट जे करतात त्यांना सांगायला नको की सकाळच्या वेळेला गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. गेल्या पावसाळ्यात चेक इंजिन लाइट यायला लागली. सोबत पिकअप मेलेला, खालच्या आरपीएमला गाडी ओढायचीच नाही आणि मग एकदम धक्का देऊन उठायची, मागे काळा धूर. ब्लूटूथचा साधा स्कॅनर लावून मोबाइलवर बघितलं तर कोड पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून जेवढा धूर परत जायला पाहिजे तेवढा जात नाहीये.

ज्यांना ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला थोडा भाग एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनात सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड्स कमी तयार होतात. फुल रेस दिली की व्हॉल्व्ह बंद, हळू चालवताना उघडा, त्यामुळे ट्रॅफिकवाल्यांचा ईजीआर जवळपास दिवसभर ड्युटीवरच असतो. आता या धुरात काजळी, आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून येणारी तेलाची वाफ. नुसती काजळी असती तर कोरडी राहिली असती, पण तेलात कालवली गेली की तिचं डांबर होतं आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपांच्या, आत थरावर थर बसत जातात.

लाइट आल्यावर सगळ्यात पहिलं गॅरेज गाठलं तिथे बॉनेट न उघडताच नवीन व्हॉल्व्हचं कोटेशन हातात दिलं, वर टाकीत ओतायची क्लीनरची बाटली पण गळ्यात मारायला बघत होते. आता डिझेल इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं, इनटेकच्या रस्त्याने ते जातच नाही, मग टाकीत ओतलेलं औषध मॅनिफोल्डपर्यंत पोचणार कुठून? इंजेक्टरसाठी त्या बाटलीचा काही उपयोग असेल तर असो, या प्रॉब्लेमला शून्य. चालू इंजिनात हवेच्या पाइपमधून स्प्रे मारायचा प्रकार पण सुचवला होता, तो डिझेलला मी तरी कोणाला करू देणार नाही, कारण तो स्प्रे स्वतः जळतो, जास्त गेला तर इंजिन स्वतःच रेस पकडतं आणि मग चावी फिरवूनही थांबेल याची खात्री नसते, शिवाय सुटलेला कार्बनचा तुकडा आत गेला तर तो खर्च वेगळाच.

शेवटी वागळे इस्टेटमधले एक जुने मेकॅनिक मिळाले. ते म्हणाले, "ताई, आधी एअर फ्लो सेन्सर बघू, मग खोलायचं ठरवू." इथेच माणूस पटला. कारण बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ईजीआरचा अंदाज आत जाणारी हवा मोजणाऱ्या त्या सेन्सरवरूनच बांधतो. व्हॉल्व्ह उघडला की धूर आत येतो, त्या प्रमाणात बाहेरची हवा कमी ओढली जायला पाहिजे, तशी कमी झाली नाही की कोड. म्हणजे सेन्सर मळका असला तरी हाच कोड येऊ शकतो. त्यांनी सेन्सर त्याच्याच खास क्लीनरने धुतला (कार्ब क्लीनर मारला तर सेन्सर कामातून जाऊ शकतो, लक्षात ठेवा), गाडी आयडलला ठेवून स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडायची कमांड दिली आणि मला स्क्रीन दाखवली. हवेचा आकडा ढिम्म हलला नाही. रस्ताच बंद होता.

खोलल्यावर जे दिसलं ते बघून मी फोटो काढायचंच विसरले. ईजीआरचा पाइप मॅनिफोल्डला जिथे जोडतो त्या भोकात अंगठा सहज जायला हवा, तिथे करंगळीसुद्धा अडकत होती. कडेला काळा, ओलसर, चिकट थर, नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघायचा पण खाली दगडासारखा कडक. मॅनिफोल्डच्या चारही रस्त्यांची तीच गत, शेवटचा जरा जास्तच. रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ब्रश आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडून परत धुतलं, हवा मारून वाळवलं. व्हॉल्व्ह मात्र बुडवला नाही, त्याच्यावर मोटर असते, फक्त तोंडाकडची बाजू स्प्रेने आणि टूथब्रशने. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या, बाजूची भोकं खरवडताना आधी कापड कोंबून घेतलं, हे करतात की नाही याच्यावर लक्ष ठेवा. सगळी गॅस्केट नवीन. मग स्कॅनरवरून व्हॉल्व्हचं लर्निंग करून (म्हणजे त्याची उघड-बंदची जागा ईसीयूला परत शिकवून) कोड उडवला. लेबर, गॅस्केट, स्प्रे धरून साडेपाच हजारात काम झालं, नवीन व्हॉल्व्हच्या कोटेशनच्या पाव भागातसुद्धा नाही.

पहिल्याच आठवड्यात एक कटकट झाली. रेस दिली की शिट्टीसारखा आवाज. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प नीट कसलेला नव्हता. नेऊन दाखवला, तिथल्या तिथे आवळून दिला, पैसे घेतले नाहीत. पण तसं काम झाल्यावर एक चक्कर मारून आवाज ऐकूनच गाडी ताब्यात घ्या.

आता फरकाचं. लाइट त्यानंतर आलेली नाही. पिकअप परत आलाय, माजिवड्याच्या फ्लायओव्हरला दुसऱ्यातून तिसरा टाकल्यावर जो खड्डा जाणवायचा तो गेला, आयडलला स्टिअरिंगची थरथर कमी. धूर सकाळी स्टार्ट करताना थोडा, बाकी नाही. मायलेज मात्र लोक सांगतात तसं काही उड्या मारून वाढलेलं नाही, ट्रॅफिकमध्ये जेमतेम फरक, नाशिकला कसाऱ्यावरून गेलो तेव्हा बरं मिळालं पण हायवेला ते आधीही बरंच मिळायचं. ज्याला फक्त मायलेजसाठी हे करायचंय त्याने पैसे वाचवावेत.

हायवेला दणकून चालवली की कार्बन जळून जातो असं बरेच जण सांगतात. एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता असते, तिथे काही प्रमाणात खरंही असेल, पण मॅनिफोल्डमध्ये येणारा धूर बऱ्याच गाड्यांत कूलरमधून थंड होऊन येतो आणि वर ताजी हवा मिसळते, तिथे बसलेलं डांबर जळण्याएवढी गरमी नसतेच. लांब चालवल्याने नवीन थर हळू बसतो इतकंच.

आणि ते ब्लँक करायचं. ऑफिसमधल्या पार्किंगमध्ये दर दुसरा माणूस म्हणतो पत्रा लावून ईजीआर बंदच करून टाक. ईसीयूला फ्लो दिसला नाही की तोच पी०४०१ परत, मग तो लपवायला रिमॅप, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार, आणि प्रदूषण कमी करणारा पार्ट काढणं कायद्यात बसत नाही ते वेगळंच. घोडबंदरला राहून आधीच काय हवा खातो आपण, त्यात आपली भर नको.

आत्ता पावसाआधीच्या सर्व्हिसला नुसता व्हॉल्व्ह उतरवून बघितला. पातळ थर बसलाय, पण कोरडा, कपड्याने पुसला गेला. ब्रीदरच्या होजमध्ये तेल थोडं दिसलं, त्यावर आता लक्ष आहे, टर्बोच्या सीलचं काही नाही असं मेकॅनिक म्हणाले. ऑइल आता मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच बदलते आणि लेव्हल मॅक्सच्या वर जाऊ देत नाही, कारण जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून वरच येतं. पुढच्या दिवाळीला परत व्हॉल्व्ह उतरवणार, मॅनिफोल्डला तोपर्यंत हात लावायचा नाही.