बेळगावातील दीर्घकालीन मनोगतिकीय मानसोपचाराचे प्रशिक्षण: एक अभिप्राय

पीएचडीपूर्व काळात मी बेळगावातील एका खासगी समुपदेशन केंद्रात मनोगतिकीय मानसोपचाराचे, म्हणजे मनात नकळत दडलेले संघर्ष संवादातून उलगडणाऱ्या उपचाराचे, प्रशिक्षण घेतले. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत डॉक्टरेटआधी इंटर्नशिप सक्तीची असते. आपल्याकडे तशी रीत नसताना सीमाभागात ही संधी मिळणे हेच मोलाचे वाटते.

केंद्राची खरी ताकद पर्यवेक्षणात आहे. सत्र चालू असताना टिपणे घेऊ नयेत, हा मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचा १९१२ मधील सल्ला तेथे काटेकोरपणे पाळला जातो. ५० मिनिटांचे सत्र संपल्यावर सारा संवाद आठवून, त्यातल्या मराठी-कानडी सरमिसळीसकट, कागदावर उतरवायचा, मग पर्यवेक्षिका बाई एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारत, "इथे तुम्ही इतक्या घाईने धीर का दिलात?" खानापूरहून येणारी व्यक्ती सलग उशिरा येऊ लागली, तर मागच्या सत्रात काय दुखावले गेले असेल याचा शोध घ्यायचा, मात्र पावसात बस खरोखरच चुकू शकते हेही ध्यानात ठेवायचे, ही समतोल दृष्टी मला तेथेच मिळाली.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकली. वर्ष संपताच रुग्ण नव्या प्रशिक्षणार्थीकडे सोपवले जातात आणि त्यांना त्याची कल्पना अगदी अखेरच्या आठवड्यांत दिली जाते. विरहाच्या जखमा घेऊन आलेल्या माणसांसाठी हे अन्यायकारक आहे. निरोपाची तयारी कित्येक महिने आधी सुरू व्हायला हवी.

शुल्क वाजवी आहे. या प्रशिक्षणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळत नाही, हे इच्छुकांनी प्रवेशापूर्वीच लक्षात घ्यावे.