खिडकी, एक्झॉस्ट फॅन की एअर प्युरिफायर: घरातल्या हवेसाठी काय निवडावे?

घरातली हवा सुधारायची असे ठरले की बहुतेक जण थेट एअर प्युरिफायर शोधू लागतात. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे, असे मी आग्रहाने सांगेन: त्रास देणारी गोष्ट घरातच तयार होते आहे की बाहेरून आत येते आहे? स्वयंपाकाचा धूर, ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी, नव्या रंगाचा किंवा प्लायवूडचा दर्प आणि बंद खोलीत श्वासोच्छ्वासाने साठणारा कार्बन डायऑक्साइड ही घरातली निर्मिती. रहदारीचा धूर, बांधकामाची धूळ आणि परागकण बहुतांशी बाहेरचे. खिडकी, एक्झॉस्ट फॅन आणि प्युरिफायर हे तिन्ही उपाय उपयोगाचे आहेत, परंतु एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

बाहेरची हवा बरी असेल तर खिडकीला तोड नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या काही मिनिटे उघड्या ठेवल्या की वास, दमटपणा, वायू आणि कण असे सगळेच एकदम बाहेर पडते. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असते. दारे-खिडक्या घट्ट लावून दोन माणसे झोपली, तर पहाटेपर्यंत ते २००० च्या वर सहज जाऊ शकते. सकाळी त्या खोलीत बाहेरून पाऊल टाकणाऱ्याला जो कोंदटपणा जाणवतो, तो आत झोपलेल्याला जाणवत नाही, कारण नाक त्याला सरावलेले असते. प्युरिफायर रात्रभर चालवूनही हे प्रमाण कमी होत नाही. मात्र घर हमरस्त्यालगत असेल, तर हीच खिडकी पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण आत आणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची मार्गदर्शक पातळी २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ मायक्रोग्रॅम ठरवली. बाहेरचे आकडे याच्या कितीतरी पट असतील, तर रहदारी कमी असलेली वेळ पाहून खिडकी थोडाच वेळ उघडणे श्रेयस्कर.

एक्झॉस्ट फॅनचे बळ वेगळे आहे: प्रदूषण खोलीभर पसरण्याआधी तो ते उगमापाशीच उचलतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड आणि तापलेल्या तेलातून सूक्ष्म कण निघतात, म्हणून स्वयंपाकघरात माझी पहिली पसंती यालाच आहे. चिमणी घेताना ती हवा नळीने घराबाहेर सोडते की गाळून पुन्हा खोलीतच सोडते, हे आधी विचारावे. दुसऱ्या प्रकारात तेलकटपणा आणि थोडा वास अडतो, पण वाफ आणि बरेचसे वायू परत आतच येतात. पंखा खरोखर ओढतो का, हे पाहण्यासाठी टिश्यू पेपरचा एक पदर त्याच्या जाळीपाशी धरावा. तो जाळीला चिकटून राहिला तर ठीक. नुसताच फडफडून खाली पडला, तर जाळी तेलाने बुजली आहे किंवा खोलीत बाहेरची हवा यायला वाट नाही. दुसरी खिडकी बोटभर उघडली की फरक लगेच दिसतो. घरात गॅस गीझर असेल तर ही वाट ठेवायलाच हवी, कारण बंद घरात जोरदार पंखा गीझरचा धूर उलटा आत ओढू शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

प्युरिफायर घ्यावा तो कणांसाठी. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि हाच आकार पकडायला सर्वांत अवघड असल्यामुळे त्याहून मोठे आणि लहान कण अधिकच अडतात. तरीही निवड फिल्टरच्या नावावर न करता सीएडीआर या आकड्यावर करावी. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते त्यावरून कळते. १२ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या आणि अडीच मीटर उंचीच्या खोलीत ३० घनमीटर हवा मावते. ती तासात पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल, तर १५० चा सीएडीआर हवा, आणि तोही ज्या वेगावर आपल्याला झोप लागते त्या वेगावर, कारण छापलेला आकडा बहुधा सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेगाचा असतो. काही महिन्यांनी फिल्टरच्या पांढऱ्या घड्या राखाडी झालेल्या दिसतात. त्या धुऊन पुन्हा बसवू नयेत, फिल्टरच बदलावा. वास आणि वायूंसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो आणि तो पातळ असेल तर लवकर निकामी होतो. ओझोन सोडणारी यंत्रे मात्र घेऊच नयेत. ओझोन फुफ्फुसांना अपाय करतो.

कुंडीतली झाडे घरातली हवा शुद्ध करतात का, असे नेहमी विचारले जाते. झाडे हवेतले वायू शोषतात असे दाखवणारा नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेट्यांमधला होता, राहत्या घरातला नव्हे. २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. झाडे हौसेने लावावीत, हवेसाठी नव्हे.

भिंतीला ओल असेल, तर आधी गळती थांबवावी आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी. ओल कायम असताना घेतलेला प्युरिफायर बुरशीचे बीजाणू गाळत राहतो आणि भिंत नवे सोडत राहते. घरात दम्याचा रुग्ण असेल आणि बाहेर धूळ असेल, तर निजण्याच्या खोलीसाठी प्युरिफायरवर खर्च करावा. बाहेरची हवा चांगली असेल, तर तोच पैसा बाहेर नळी काढलेल्या चिमणीवर घालावा.