सिलिकॉन डायलेटरचा पाच नगांचा संच: वस्तू चांगली, पत्रक धोक्याचं

योनिमार्गाचे डायलेटर म्हणजे आवळणाऱ्या योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायचे, चढत्या जाडीचे गोलसर दांडे. त्यांचे संच आता ऑनलाइन मागवले की नागपुरात घरपोच मिळतात. हा संच पाच नगांचा आहे. सर्वांत बारीक नग करंगळीएवढा, सर्वांत जाड साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा. सिलिकॉन मऊ, टोक गोलसर, कुठे शिवण नाही. तळ पसरट असल्याने धरायला सोपं जातं. कडक प्लॅस्टिकच्या संचापेक्षा कितीतरी बरा. खोक्यावर वस्तूचं नाव नसतं, आणि महाल-इतवारीतल्या भरल्या घरात ही सोय फार मोलाची.

तक्रार आहे ती सोबतच्या पत्रकाबद्दल. रोज अर्धा तास वापरा आणि थोडं दुखलं तरी थांबू नका, असं त्यात छापलंय. जिच्यावर पूर्वी जबरदस्ती झाली आहे, तिला हा सल्ला इजा करेल. तिचा मार्ग मुळात अरुंद नसतो, तिथले स्नायू बचावासाठी आवळले जातात. 2001 साली डच संशोधकांनी बायकांना चित्रफिती दाखवून कटितळाच्या (पेल्विक फ्लोअर, योनीभोवतीच्या) स्नायूंची हालचाल मोजली. धोक्याचं दृश्य आलं की स्नायू आखडत होते. व्हजायनिस्मस (काही आत जाताना योनीचे स्नायू आपोआप आवळण्याचा त्रास) असलेल्यांचे आणि नसलेल्यांचेही, आणि धोका लैंगिक नसला तरीही. जुना धोका शरीर विसरलेलं नसेल, तर नवऱ्यावर जीव असूनही स्पर्श होताच ते दार लावून घेतं. यात तिचा हट्ट नाही आणि त्याच्यावरचा राग तर नाहीच.

म्हणून पत्रक बाजूला ठेवा आणि असं करा. आधी लघवीला जाऊन या. खोलीला आतून कडी लावा. गुडघ्यांखाली उशा घेऊन उताणं किंवा कुशीवर पडा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पहिले काही दिवस फक्त बाहेरून बोटाचा स्पर्श पुरे. मग बारीक नगाला भरपूर जेल लावून टोक योनीच्या तोंडाशी नुसतं टेकवा. श्वास सोडताना, वारा सरताना लावतो तितकाच हलका जोर खाली द्या आणि टोक माकडहाडाच्या दिशेने सरकू द्या. वर, पोटाकडे ढकललं की हाडाला लागतं आणि दुखतं. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. दहापैकी तीनच्या वर दुखलं की थांबा. एक नग सलग काही वेळा सहज जमला की पुढचा घ्या.

दात आवळणं, मांड्या जवळ येणं, पायाची बोटं वळणं, श्वास अडकणं: दुखायच्या आधी या खुणा दिसतात. सर्वांत फसवी खूण मात्र सुन्नपणा. काहीच जाणवत नाही, नजर छतावर खिळलेली, आपण तिथे नसल्यासारखं वाटतं. ‘आज दुखलं नाही’ म्हणून अनेकजणी यालाच प्रगती समजतात. खरं तर हा शरीराचा जुना बचाव आहे. तेव्हा नग काढा, उठून बसा, तळपाय गार फरशीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. त्या दिवशी पुन्हा नको.

केगेलचे (कटितळाचे स्नायू आवळून सोडण्याचे) व्यायाम इथे सहसा उलटे पडतात, कारण आवळलेला स्नायू आणखी आवळतो. जेल पाण्यावर आधारित हवं. सिलिकॉनच्या जेलने नग चिकट होतात. खोबरेल तेल लावलं तर लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. बिनवासाच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवून ठेवा.

जोडीदाराने संच हातात घ्यायचा तो तिने म्हटल्यावरच. तोवर संभोग पूर्ण बंद. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेली स्पर्शाची पद्धत या काळात उपयोगी पडते. आधी फक्त पाठ, हात, केस. स्तन आणि जननेंद्रियं वगळून, आलटून पालटून, आणि ‘थांब’ म्हटलं की हात लगेच मागे. पुढे काही व्हायलाच हवं अशी अपेक्षा नाही, हे दोघांना पक्कं ठाऊक असेल तरच शरीर सैल पडतं.

विकत घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), जखम यांची तपासणी करून घ्या. तपासणी मध्येच थांबवा म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. फिजिओथेरपिस्ट शोधताना धंतोली-रामदासपेठेत फोन करून आधीच विचारा: पेल्विक फ्लोअरचं प्रशिक्षण आहे का? रात्री दचकून जाग येणं, प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहणं चालू असेल, तर संच कपाटातच राहू द्या आणि आधी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जा. जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.