बालसंरक्षण कार्यशाळा, इंदूर : एका मुलीचे प्रकरण आणि एकत्र बसलेले पाच जण

शाळा, रुग्णालये आणि पोलीस ठाणी यांना बालसंरक्षणाचे एकत्रित प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेची दोन दिवसांची कार्यशाळा इंदूरच्या रामबाग भागात झाली, आणि शालेय समुपदेशक या नात्याने मी तीत सहभागी झाले. एरवी अशा प्रशिक्षणांत प्रत्येक वक्ता आपल्या खात्यापुरते बोलून निघून जातो. येथे मात्र शिक्षिका, बालरोगतज्ज्ञ, महिला उपनिरीक्षक, वकील आणि समाजकार्यकर्त्या यांना एकत्र बसवून एक काल्पनिक प्रकरण हाताळायला दिले, आणि कार्यशाळेचे खरे मोल मला त्यातच दिसले.

चौथीतील एक मुलगी वर्गशिक्षिकेला काही सांगू पाहते, एवढेच ते प्रकरण. चर्चा थोडी पुढे सरकताच ध्यानात आले की आपण एकमेकांशी बोललो नाही, तर तीच वेदना तिला शाळेत, ठाण्यात, रुग्णालयात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागेल. शिक्षिकेने तिचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, खोदून विचारू नये, हे तेव्हा सर्वांना पटले. आधी शाळेने चौकशी करावी, असा आग्रह काहींनी धरला. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हाच गुन्हा ठरतो, हे वकिलांनी शांतपणे समजावले. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला माहिती द्यायची असते, आणि जबाब घेताना अधिकाऱ्याने गणवेशात असायचे नसते. गुन्हा नोंदवला गेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते, हे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा अनेक शिक्षकांना ते नवीन होते. आपल्या आधी आणि आपल्यानंतर कोण काय करतो, हे कलमे पाठ असणाऱ्यांनाही तोवर नीट ठाऊक नव्हते.

उणीव एक, पण मोठी आहे. याच कायद्याखालील २०२० च्या नियमांनी तपासापासून खटला संपेपर्यंत मुलाला साथ देण्यासाठी सहायक व्यक्तीची तरतूद केली आहे, आणि तिच्यासाठी शेवटचा अर्धा तास कसाबसा उरला. कुटुंबाला सर्वाधिक आधार लागतो तो पुढच्या त्या लांब काळात. हा भाग वाढवला आणि सरकारी वकिलांनाही बोलावले, तर कार्यशाळा पुरी होईल. आताही मी ती आग्रहाने सुचवीन, मात्र शाळांनी केवळ मुख्याध्यापकांना न पाठवता वर्गशिक्षकांना पाठवावे, कारण मूल पहिल्यांदा बोलते ते बहुधा त्यांच्याशीच.