टेप लावून बोकडाचं वजन सांगणाऱ्यांपासून सावध राहा

बकरी ईद जवळ आली की आमच्या खानापूर तालुक्यात बोकड घेणारे वाडी-वाडी फिरायला लागतात. पूर्वी पाठ-कंबर चाचपून नगावर भाव व्हायचा. आता किलोवर होतो. पण वाडीत काटा कुठून आणायचा? मग खिशातून टेप निघते. यंदा अशाच एका व्यापाऱ्यानं माझ्या आईला नाडलं.

त्यानं तीन बोकड मोजले. शिंप्याकडची जुनी कापडी टेप, कडा गुंडाळलेल्या, आकडे पुसट. पुढच्या पायांमागून छातीभोवती टेप घेतली आणि केस दबून कातडीला वळ पडेपर्यंत ओढली. मग लांबी घेतली, मोबाईलवर आकडे दाबले आणि स्क्रीन आईसमोर धरली. "मावशी, हिशोब मशीन करतंय, मी नव्हे." भाव किलोला 450 ठरला. मोठे दोन त्यानं लगेच टेम्पोत घातले. तिसरा साडेचोवीस किलो भरला म्हणाला आणि हजार रुपये इसार देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी काजू खरेदीवाला आला. त्याच्या काट्यावर आम्ही तो तिसरा बोकड चढवला. साडेअठ्ठावीस!

हिशोब खोटा नसतो, हे आधी सांगते. छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं, की किलोत अंदाज येतो. सेंटिमीटरमध्ये मोजलं तर 10,840 नं भागायचं. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, तेव्हा काटा नसलेल्या घरात हीच रीत उपयोगी पडते. आमच्या बोकडाचा खरा घेर 27 आणि लांबी 26 इंच. गणित येतं 28.7, म्हणजे काट्याच्या अगदी जवळ. व्यापाऱ्याची मापं होती साडेपंचवीस आणि 25. घेराचा वर्ग होतो ना, तिथंच सगळी मेख आहे. या बोकडाच्या घेरात एक इंच मारला की दोन किलो जातात, लांबीत मारला तर एकच. म्हणून यांचा हात नेहमी छातीवरच आवळतो.

तो उरलेला बोकड न्यायला आला, तेव्हा मी त्याची टेप मागून घेतली आणि गवंड्याच्या स्टीलच्या टेपशेजारी ताणून न धरता पसरली. त्याचे 25 इंच म्हणजे खरे 26 भरले. वापरून वापरून ताणलेली टेप दोन्ही मापं कमी दाखवते, वर तो आवळतो ते वेगळंच. "जुनी झालीय हो ताई," एवढंच म्हणाला. इसार परत घेतला आणि गेला. आधीच्या दोघांच्या पैशांचं नाव काढलं, तर "तेव्हा कबूल होता की!" त्यातला एक पैसा परत मिळालेला नाही. वर्षभर पाला तोडून आणणाऱ्या बाईचे ते पैसे होते, याचा मला फार राग आहे.

तुमच्याकडे कुणी टेप घेऊन आला, तर टेप आपली द्या, स्टीलची किंवा नवी. जनावर सपाट जागेवर, चारही पाय सरळ, मान वर. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, टेप अंगाला लागेल एवढीच, रुतेल एवढी नाही. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत. हे लोक कमरेच्या हाडाशीच थांबतात, तिथं लक्ष ठेवा. तुम्ही विकत घेत असाल तर डाव उलटा असतो: टेप मागे पोटावर सरकते आणि मीठ चारून पाणी पाजलेल्या जनावराचं पोट तेव्हा टम्म असतं. गाभण शेळीला हा हिशोब लावूच नका.

आणि काजू, भुसार, रद्दी, कुणाचाही काटा गावात आलेला असेल तर बोकड आधी त्यावर चढवा. तो तिसरा आम्ही तसाच विकला, साडेअठ्ठावीस किलोच्या भावानं.