शाळेच्या आमटीचं पातेलं: जर्मनचं, पितळेचं की स्टीलचं?

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत पोषण आहाराची भांडी बदलायचं निघालं तेव्हा जवळजवळ सगळे म्हणाले जर्मनचंच घ्या, स्वस्त पडतं. मी जुनं पातेलं उजेडात नेऊन बघितलं तर आतला तळ खड्डे पडून करडा झालेला, बोट फिरवलं की काळं लागत होतं. ते काळं म्हणजे शिसं नव्हे बरं का, भांड्यातून जेवणात उतरणारं विषारी शिसं डोळ्याला दिसत नाही की चवीला कळत नाही, खरी भीती तीच आहे.

जर्मन म्हणजे अॅल्युमिनियममध्ये दोन प्रकार येतात, पत्रा दाबून केलेलं आणि ओतीव. ओतीव भांडी बऱ्याच ठिकाणी गाड्यांचे पार्ट वगैरे भंगार वितळवून करतात आणि शिसं तिथून येतं, मग चिंचेची नाहीतर टोमॅटोची आमटी तासभर उकळली आणि त्यातच झाकून ठेवली की ते जेवणात उतरतं, आणि कितीही उकळलं तरी जात नाही. हिंडालियम हाही अॅल्युमिनियमचाच मिश्रधातू, ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने अॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या काही आयात भांड्यांतून शिसं उतरतं म्हणून इशारा दिला होता. घ्यायचंच झालं तर पत्र्याचं घ्या, आयएसआय मार्क आणि आयएस 1660 हा अॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या मानकाचा नंबर बघून, पक्क्या बिलावर, किलोवर तोलून दिलेलं बिनशिक्क्याचं अजिबात नको.

पितळेचं सध्या फार कौतुक चाललंय पण शाळेसाठी माझं स्पष्ट नाही. पितळ कापायला सोपं जावं म्हणून त्यात बऱ्याचदा शिसं घालतात, वर कल्हई शुद्ध कथलाची हवी तर कथील महाग म्हणून त्यातही शिशाची भेसळ होते, आणि दीडशे पोरांचं पातेलं रोज तारेच्या घासणीने घासल्यावर कल्हई टिकणार किती दिवस?

राहिलं स्टील. आयएस 14756 या स्टीलच्या भांड्यांच्या मानकाचं, 304 ग्रेडचं घ्या, त्यात शिसं घालतच नाहीत आणि आंबटाने ते सहसा झिजत नाही. महाग आहे, आणि पातळ तळाचं घेतलं तर खिचडी खाली लागते, आमच्या स्वयंपाकीण ताईंची तक्रार हीच होती म्हणून जाड बुडाचंच मागा. पोषण आहार योजनेतून भांड्यांसाठी पटानुसार 10,000 ते 25,000 रुपये मिळतात, त्यात सगळं बसत नसेल तर आधी आमटीचं पातेलं स्टीलचं करा, भाताचं नंतर झालं तरी चालेल.

एवढा आग्रह का, तर पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलं 4 ते 5 पट जास्त शोषतात, अंगात लोह कमी असेल तर अजून जास्त, आणि डब्ल्यूएचओ म्हणते की सुरक्षित असं प्रमाणच नाही. मेंदूवर झालेला परिणाम नंतर भरून येत नाही हो.

आणि जुनी पातेली भंगारात देताना चेपून द्या, नाहीतर घासूनपुसून दुसऱ्या कुणाच्या चुलीवर चढतील.