व्हिसलरचा ‘ब्लॅक लायन व्हार्फ’: मूळ मापातच घ्या

अमेरिकन चित्रकार व्हिसलरच्या या एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून कागदावर छापलेल्या चित्राची, प्रत मी या दुकानातून दोनदा मागवली. आधी ए-२ आकारात, मग मूळ मापात. मोठं घेऊ नका, हे सांगायलाच लिहितोय.

चिंचवडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ३१ वर्षं ट्रेसिंगवर शाईच्या रेघा मारल्या. म्हणून या चित्राचा जीव कशात आहे ते मला कळतं. १८५९ साली, ऐन पंचविशीत व्हिसलरनं लंडनच्या वॉपिंगमधला थेम्सचा काठ तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेखाटला. एकमेकींना खेटलेल्या वखारी, खिडक्या, धक्क्यांच्या पाट्या, डोलकाठ्या. पैलतीरावरचं सगळं सुबक, लखलखीत. आणि अगदी पुढ्यात होडीत बसलेला माणूस? तो मोजक्या, सैल रेघांत. मधलं पाणी जवळजवळ कोरंच. त्यामुळे नजर पाणी ओलांडून थेट पलीकडे जाते. अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेत, म्हणजे किनाऱ्यांचे नकाशे करणाऱ्या सरकारी खात्यात, नकाशे कोरायला शिकलेला हा हात. नोकरी काही महिन्यांचीच, पण रेघेला शिस्त लागली ती तिथेच.

मोठ्या प्रतीत नेमकं हेच गेलं. चकचकीत कागद, केसासारख्या रेघा सुतळीएवढ्या झालेल्या, खिडक्यांत नुसता करडा गाळ. शिवाय छापताना कागदावर उमटलेला पत्र्याच्या कडेचा ठसाही कापून टाकलेला. फार वाईट वाटलं.

दुसरी प्रत साधारण १५ बाय २२.५ सेंमी, ३०० जीएसएमचा मॅट कॉटन कागद, ८५० रुपये. भिंग लावून पाहिलं, कौलांच्या रेघा सुट्या दिसतात. उजवीकडे खाली सही आणि साल स्पष्ट. तक्रार एकच: नळीत गुंडाळून पाठवतात. माझी प्रत दोन दिवस प्लायवूडखाली ठेवल्यावर सरळ झाली. एवढ्याशा चित्राला पुठ्ठ्याचं सपाट पाकीट पुरलं असतं.

माप लहान म्हणून कचरू नका. १८७१ साली व्हिसलरनं आईचं ते प्रसिद्ध चित्र रंगवलं, त्यात मागच्या भिंतीवर हेच एचिंग टांगलंय, रुंद पांढरा माउंट (चित्राभोवतीची कागदी पट्टी) आणि बारीक काळी चौकट. मीही तशीच करून घेतली. जिथे अगदी जवळ जाऊन उभं राहता येईल अशा भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावा. काच साधीच घ्या. नॉन-ग्लेअर काचेमागे बारीक रेघा धुरकटतात.